कर्तेपणाचे ओझे

(गोपाळ गणेश आगरकर यांच्या स्मरणार्थ दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आगरकरांच्या स्मरणार्थ बोलायला उभे राहिले की स्त्रियांच्या प्रश्नांवर बोलावे, असे मनात येणे साहजिक आहे. बालविवाह, केशवपन, संमतिवय, मुलींचे शिक्षण या विषयांवर ‘सुधारक’ या आपल्या पत्रातून ते निर्भयपणे लिहीत राहिले आणि त्यापायी जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा निघालेली त्यांना पाहावी लागली. आज मी मात्र मुलग्यांबद्दल बोलणार आहे. त्याला कारण आगरकरांचेच एक पत्र आहे.

एम. ए.चा अभ्यास करीत असताना त्यांनी आईला लिहिलेले ते पत्र आपल्यापैकी अनेकांनी शाळेत ऐकले असेल. १८५६ साली कऱ्हाडजवळच्या टेंभू गावात, गरीब घरात जन्मलेला हा मुलगा. कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला, जिथे आधार मिळेल तिथे शिकत तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पोहोचला. आता याला मोठी नोकरी लागेल, घराचे दिवस पालटतील, अशी आस आईने धरली असणार हे त्याला ठाऊक होते. म्हणून त्याने आधीच कळवून टाकले, की माझ्याकडून श्रीमंतीची अपेक्षा ठेवू नकोस. पोटापुरते मिळवीन आणि बाकीचा वेळ लोकांच्या भल्यासाठी देईन.

हे पत्र आपण त्यागाचा नमुना म्हणून वाचतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. विशीतल्या एका तरुणाला स्वतःच्या मताने जगायचे आहे, आणि त्यासाठी आधी त्याला ‘कमावता मुलगा’ या अपेक्षेतून सुटका करून घ्यावी लागते आहे. आगरकरांना ते पत्र लिहिता आले. आजही मुलगा असलेल्या प्रत्येक घरात ती अपेक्षा जिवंत आहे, आणि बहुतेक मुलांना असे पत्र लिहिण्याची हिंमत होत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात मांडतो. आपला समाज मुलग्याला जन्मतःच मान देतो आणि मग तो मान टिकवण्यासाठी आयुष्यभर त्याच्याकडे पुरावे मागतो. पैसा कमावल्याचा पुरावा, घरावर हुकमत असल्याचा पुरावा, डोळ्यांत पाणी न आल्याचा पुरावा. जन्माचा मान हा अन्याय आहे आणि त्याची झळ पहिल्यांदा बायकांना बसते. पुराव्यांची मागणी हाही अन्यायच आहे, आणि त्यात तरुण मुलगे आतून पोखरले जातात. हे दोन्ही अन्याय एकाच मुळातून येतात. म्हणून ते दूरही एकदमच करावे लागतील.

घरातले पहिले धडे

मुलगा पुरुष होतो तो घरातच. तीन-चार वर्षांचा पोरगा पडला, गुडघा फुटला, रडू लागला, की आजूबाजूचे कोणीतरी म्हणते, “मुलीसारखा काय रडतोस?” या एका वाक्यात दोन धडे असतात. दुखले तरी सांगायचे नाही, हा पहिला. मुलगी असणे ही कमीपणाची गोष्ट आहे, हा दुसरा. पुढे शाळेत, मैदानावर, कट्ट्यावर हेच धडे अधिक कडक भाषेत गिरवले जातात. ‘बायल्या’, ‘बांगड्या भर’, ‘मर्द आहेस ना?’ चित्रकला आवडणारा, हळू बोलणारा, मारामारी टाळणारा, आईला भाकरी थापायला मदत करणारा मुलगा वर्गात कसा दिवस काढतो, हे शिक्षकांनी एकदा नीट पाहावे. आठवी-नववीपर्यंत असा मुलगा आपली आवड लपवायला शिकलेला असतो. जो लपवू शकत नाही, तो एकटा पडतो.

त्याच घरात त्याचे लाडही होत असतात. त्याला आधी वाढले जाते. त्याचे ताट बहीण उचलते. तो कुठे गेला, कधी आला, याचा जाब सहसा विचारला जात नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणाने हे मोजून दाखवले आहे. घरातली बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया ८१ टक्के, तर पुरुष २६ टक्के. जे करतात त्यांच्यातही स्त्रीचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटांचा वेळ त्यात जातो, पुरुषाचा ९७ मिनिटांचा. या आकड्यात बाईची थकलेली पाठ आहे, तसा पुरुषाचा परावलंबी हातही आहे. आयुष्यभर दुसऱ्याने रांधलेले खाणारा माणूस स्वतःला घराचा आधार समजतो, आणि बायको आठ दिवस आजारी पडली की घरात चहासुद्धा होत नाही. स्वतःचे पोट भरण्याचे, आजारी माणसाजवळ बसण्याचे, लेकराला झोपवण्याचे कौशल्य आपण मुलग्यांच्या हाती कधी लागूच देत नाही. आणि हे त्यांचे नुकसान आहे, असे त्यांना कोणी सांगतही नाही.

“पोस्ट निघाली का?”

हा मुलगा विशीत आला की परीक्षेची वेळ येते, खऱ्या अर्थानेही. पुण्याच्या सदाशिव पेठेत, नारायण पेठेत पहाटे चक्कर मारा. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, सोलापूर या भागांतून स्पर्धा परीक्षांसाठी आलेली मुले अभ्यासिकांकडे निघालेली दिसतील. कॉट बेसिसवर खोली, दोन वेळची मेस, अभ्यासिकेतली ठरलेली खुर्ची, आणि पूर्व, मुख्य, मुलाखत असा जिना. जिल्ह्याच्या गावी डांबरी रस्त्यावर पोलीस भरतीच्या ‘ग्राउंड’साठी धावणारी मुले याच रांगेतली. राज्याच्या भरतीत बहुतेक पदांसाठी खुल्या गटाची वयोमर्यादा ३८ आहे, मागासवर्गीयांची ४३. म्हणजे विशीत सुरू झालेली वाट पाहणे पस्तिशीपर्यंत लांबू शकते. जागा मोजक्या, जाहिराती लांबलेल्या, निकाल कोर्टात अडकलेले. दर दिवाळीला गावी गेले की पाराजवळ एकच प्रश्न येतो, “पोस्ट निघाली का?” पुढे पुढे अनेक मुले सणालाही गावी जात नाहीत.

त्याच अभ्यासिकांत मुलीही बसतात. त्यांची अडचण वेगळी आहे. घरून त्यांना मुदत मिळते दोन-तीन वर्षांची. पोस्ट निघाली तर ठीक, नाहीतर लग्न. मुलीचे स्वप्न मुदत घालून तोडले जाते आणि मुलाचे स्वप्न मुदतीशिवाय ताणले जाते. मुलीला नापास होण्याची संधी नाही. मुलाला थांबण्याची परवानगी नाही. बापाने जमिनीचा तुकडा गहाण टाकलेला असतो, बहिणीचे शिक्षण बारावीवर थांबवून याच्या मेसचे पैसे भरलेले असतात. हे सगळे ठाऊक असलेला मुलगा ‘मला हे नको, मला दुसरे काही करायचे आहे’ हे कोणत्या तोंडाने सांगणार? माझ्या अध्यापनाच्या काळात एका विद्यार्थ्याने मला विचारले होते, “सर, मी परीक्षा सोडली तर घरी माझी किंमत काय राहील?” मी त्याला धीराचे चार शब्द सांगितले. पण माणसाची किंमत त्याच्या पगारावर ठरते, हे त्याला कोणी एका दिवसात शिकवलेले नव्हते. ते त्याने जन्मापासून पाहिले होते.

कामातून मान मिळत नाही तेव्हा तरुण तो दुसरीकडे शोधतो. चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर ‘भाऊं’च्या फोटोखाली आपला फोटो यावा म्हणून वर्गणी काढतो. सायलेन्सर काढलेली मोटारसायकल पळवतो, मिरवणुकीत डीजेपुढे नाचतो, कोणाच्या तरी सांगण्यावरून दगड उचलतो. त्याच्यावर गुन्हा दाखल होतो. ज्याने दगड उचलायला लावले त्याची मुले परदेशात शिकत असतात. मर्दानगी सिद्ध करण्याची ही गरज राजकारणाला फुकटात मिळणारे मनुष्यबळ झाली आहे, हे तरुणांनी ओळखले पाहिजे.

लग्न, जमीन आणि मुलींची टंचाई

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात एक मोर्चा निघाला होता. लग्न न जमलेले तरुण मुंडावळ्या बांधून, काही जण घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले. लोक हसले, व्हिडिओ फिरले. मोर्चेकऱ्यांची एक मागणी मात्र हसण्यासारखी नव्हती. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा नीट राबवा, अशी ती मागणी होती.

महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या. २००१ साली ९१३ झाल्या, २०११ साली ८९४. बीड जिल्ह्यात २०११ चा आकडा ८०७ होता. गर्भजल परीक्षेवर बंधन घालणारा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ साली महाराष्ट्राने केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. कायदा पहिला आमचा, आणि मुलीही आम्हीच मारल्या. २००१ साली ज्या बाळांची मोजणी झाली, ती मुले आज लग्नाच्या वयात आहेत. ‘वंशाला दिवा हवा’ म्हणून ज्या घरांनी मुलगी येऊ दिली नाही, त्याच घरांतले दिवे आज मुलगी शोधत फिरत आहेत. त्यांच्या जन्माचा आनंद साजरा करताना त्यांच्या आयुष्यातले एकटेपणही आपण तेव्हाच ठरवून टाकले होते.

आकड्यांइतकेच दुसरेही कारण आहे. शेतकरी नवरा मुलीला नको आहे, अशी तक्रार गावोगाव ऐकू येते. मुलींना शहरी थाट हवा, असे त्यावर म्हटले जाते. मुलीने काय पाहिले आहे, ते आधी विचारात घ्या. तिने आपली आई पाहिली आहे. पहाटे चूल, मग गोठा, मग खुरपणी, परत चूल. आणि इतके करून सातबाऱ्यावर नाव नाही, हातात पैसा नाही, निर्णयात मत नाही. ती शेतीला नाही म्हणत नसते, ती त्या आयुष्याला नाही म्हणत असते. आणि तिचा बाप नोकरीवालाच जावई शोधतो, कारण नवरा म्हणजे पगार, हेच मोजमाप त्यालाही शिकवलेले आहे. मुलीला स्वतःच्या पायावर उभे करण्यापेक्षा कोणाच्या तरी पगाराच्या हवाली करणे त्याला सुरक्षित वाटते. ज्या मोजमापाने आपण मुलींना घरात कोंडले, तेच मोजमाप आज शेतकऱ्याच्या मुलाला दारातून परत पाठवते आहे.

याच बीड जिल्ह्यात उलट टोकही दिसते. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. मुकादम उचल देतो ती जोडीच्या हिशेबाने. मग तोडीला जाण्यापूर्वी मुलाचे लग्न उरकायची घाई होते. मुलगी कोवळी असतेच, मुलगाही अनेकदा कायद्याने ठरवलेल्या एकवीस वर्षांचा नसतो. त्याला ना शिकायला वेळ मिळतो, ना तरुण व्हायला. अंगावर उचल घेऊनच त्याचे कर्तेपण सुरू होते. एका मुलाचे लग्न होत नाही, दुसऱ्याचे फार लवकर होते. त्यांची इच्छा काय आहे, हे दोघांनाही कोणी विचारत नाही.

सातबाऱ्यावर बायकोचे नाव लावण्याच्या बाबतीत महाराष्ट्राच्या मातीत एक चांगली आठवण आहे. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले आणि त्यातून पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम उभी राहिली. संघटनेचे नेते शरद जोशी यांच्या आवाहनावरून शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा हिस्सा स्वखुशीने बायकोच्या नावावर केला. ही माणसे खेड्यातली होती, धोतर-टोपीतली होती, आणि बहुतेकांना समतेवरचे एकही पुस्तक ठाऊक नव्हते. जमीन बायकोच्या नावे केल्याने त्यांचे पुरुषपण कमी झाले नाही. त्यांचे घर अधिक भक्कम झाले.

न बोललेले दुःख

आता सर्वांत जड भागाकडे येतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यांत पुरुष १,२२,७२४ होते. राज्यांमध्ये सर्वाधिक नोंद महाराष्ट्राची, २२,७४६. प्रत्येक आत्महत्येमागे अनेक कारणे गुंतलेली असतात. कर्ज, नापिकी, बेकारी, आजार, दारू, घरातली भांडणे. सगळे खापर पुरुषपणाच्या कल्पनेवर फोडणे चूक ठरेल. तरीही एक गोष्ट विचारात घ्यावीच लागते. संकट आल्यावर माणूस वाचतो तो बहुतेक वेळा कोणाशी तरी बोलल्यामुळे. बाई शेजारणीपाशी, आईपाशी, बहिणीपाशी मन मोकळे करते. पुरुषाला ती वाट लहानपणीच बंद करून दिलेली असते. कर्ज किती आहे हे बायकोला ठाऊक नसते. छातीत धडधडते, झोप लागत नाही, हे मित्राला सांगता येत नाही. मित्रांत बसून दारू पिता येते, रडता येत नाही. रडण्यापेक्षा पिणे अधिक मर्दपणाचे, असे आपण मानत आलो, आणि त्याची किंमत अनेक घरांनी मोजली.

या सभागृहात असा कोणी असेल, किंवा ज्याला हे वाचून स्वतःची ओळख पटेल असा कोणी असेल, तर त्याला मी सांगतो, मदत मागणे ही दुबळेपणाची खूण नाही. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. तिथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक आपल्या फोनमध्ये ठेवा आणि मित्रालाही द्या.

झळ कोणाला बसते

पुरुषांचे दुःख सांगताना एक धोका असतो. ऐकणाऱ्याला वाटते, बघा, पुरुषही पीडितच आहेत, तर मग बायकांची तक्रार कशाला. असा अर्थ कोणी काढू नये. दुखावलेला पुरुष आपले दुःख बहुधा खालच्या पायरीवर उतरवतो, आणि खालच्या पायरीवर बाई आणि मूल असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, ४४ टक्के पुरुषांनी आणि ४५ टक्के स्त्रियांनी एखाद्या तरी कारणासाठी नवऱ्याने बायकोला मारणे योग्य ठरवले. ही शिकवण बायकांच्याही अंगी किती मुरली आहे, ते यावरून कळते. ज्या मुलाला घरात ‘नाही’ ऐकायची सवय लागली नाही, त्याला आवडलेल्या मुलीचा नकार अपमान वाटतो. मित्र त्याला चिथावतात, सिनेमातला नायक नकार देणाऱ्या मुलीचा पाठलाग करून तिला जिंकतो, आणि एकतर्फी प्रेमाच्या नावाखाली आपल्या शहरांत मुलींवर हल्ले होतात. नकार पचवणे हे शिकवण्याचे कौशल्य आहे. ते आपण शिकवत नाही.

याच सर्वेक्षणातली आणखी एक नोंद. देशात सध्या विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्के स्त्रियांनी नसबंदी करून घेतली आहे. पुरुष नसबंदीचे प्रमाण आहे ०.३ टक्के. गर्भनिरोधन हे बायकांचे काम, असे ३५ टक्के पुरुषांना वाटते. पुरुषाची शस्त्रक्रिया बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी आणि कमी जोखमीची असते. तिने ताकद जात नाही आणि कामजीवनही संपत नाही. तरी बाळंतपण सोसलेल्या बाईलाच पुन्हा टेबलावर झोपवले जाते. ज्या महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून अखेरपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, त्या महाराष्ट्रात शंभर वर्षांनीही पुरुषांच्या मनातली ही भीती हललेली नाही. ‘आपल्या पुरुषपणाला धक्का लागेल’ या भीतीपोटी बायकोच्या शरीराला धोका पत्करायला लावणे, याला मी शौर्य म्हणू शकत नाही.

आपल्याच परंपरेतला वेगळा पुरुष

काही जण म्हणतात, हे सगळे बाहेरून आलेले विचार आहेत. आमचा पुरुष असाच असतो. त्यांनी आषाढात वारीच्या वाटेवर उभे राहावे. तिथे मिशीवाले, रापलेले, नांगर धरणारे पुरुष एकमेकांना ‘माउली’ म्हणतात, एकमेकांच्या पाया पडतात, मिठी मारतात, फुगड्या घालतात, आणि कळस दिसला की सर्वांसमोर रडतात. त्यांना कोणी बायले म्हणत नाही. ज्ञानेश्वरांना आपण आई म्हणतो. आपल्या संतकवींनी विरहिणी लिहिल्या, गौळणी लिहिल्या, बाईच्या तोंडून बोलले. आणि ज्याच्यासाठी ही वाट तुडवली जाते तो विठ्ठल जनाबाईबरोबर जात्यावर बसतो, दळू लागतो, तिची कामे करू लागतो. घरकाम करणारा देव ज्या समाजाने डोक्यावर घेतला, त्या समाजातल्या पुरुषाला ओट्यापाशी उभे राहायची लाज वाटावी, हे आपणच आपले अर्धे सत्त्व विसरल्याचे लक्षण आहे.

वारीतही सगळे समान आहे, असा दावा मी करत नाही. मुक्कामाला चूल कोण पेटवते, ते आपण पाहिले आहे. एवढेच म्हणतो, की कोमल पुरुषाची ओळख या मातीला नवी नाही. गेल्या दोन शतकांतही ती दिसते. सावित्रीबाईंना शिकवणारे जोतीराव, आणि १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून पुरुषांना सणसणीत प्रश्न विचारणाऱ्या ताराबाई शिंदे यांची उघडपणे बाजू घेणारेही जोतीरावच. साने गुरुजी सहज रडत, म्हणून त्यांना नावे ठेवणारे होते. त्याच साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरचे मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावून उपोषण केले. डोळ्यांत पाणी असलेला माणूस भित्रा नसतो, याला आणखी कोणता पुरावा हवा?

आपल्या काळातही काम करणारे आहेत. एका पत्रकाराने वृत्तपत्रातून केलेल्या आवाहनाला प्रतिसाद देणाऱ्या पुरुषांतून १९९३ साली मुंबईत ‘मेन अगेन्स्ट व्हायलन्स अँड अब्यूज’, म्हणजे ‘मावा’, ही संस्था उभी राहिली. ती कॉलेजांतल्या मुलग्यांशी शरीर, प्रेम, राग, नकार यांबद्दल बोलते. पुण्यात नारी समता मंचाने विद्या बाळ यांच्या पुढाकाराने पुरुष संवाद केंद्र सुरू केले. आयुष्य स्त्रियांच्या चळवळीला दिलेल्या विद्याताईंना पुरुषांशी बोलणे गरजेचे वाटले, याचा अर्थ आपण नीट समजून घेतला पाहिजे. मुंबई महापालिकेच्या शाळांत २००८ पासून सहावी-सातवीच्या मुलामुलींसाठी समतेचे वर्ग घेण्याचा प्रयोग झाला. या सगळ्या कामांतून एकच धडा मिळतो. मुलगे बोलायला तयार असतात. त्यांना हसले जाणार नाही अशी जागा हवी असते, आणि ती मिसरूड फुटण्याच्या आधी मिळाली तर फार बरे.

करायचे काय

शेवटी काही मागण्या मांडतो. पहिली शाळा-कॉलेजांकडे. शिपायाच्या रिकाम्या जागेपासून इमारतीच्या रंगापर्यंत सर्व अडचणी मला ठाऊक आहेत. तरी आठवड्याला एक तास मुलगे आणि मुली एकत्र बसून बोलतील एवढे करा. पुरुष शिक्षकाने स्वतः तो तास घ्यावा. शिवी म्हणून बाईचे नाव घेतले जाते तेव्हा वर्ग थांबवा.

दुसरी मागणी शासनाकडे. भरतीचे वेळापत्रक जाहीर करा आणि पाळा. तरुणाची दहा वर्षे अनिश्चिततेत जाळण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला नाही. गर्भलिंगनिदानाच्या खटल्यांत ढिलाई करू नका.

तिसरी मागणी घरांकडे. मुलाला फोन केलात तर निकालाच्या आधी त्याची झोप, त्याचे जेवण, त्याचे मन विचारा. तो परीक्षा सोडतो म्हणाला तर तासभर ऐकून घ्या. मुलगी आणि मुलगा दोघांनाही स्वयंपाक आणि दोघांनाही बँकेचा व्यवहार शिकवा. मुलीसाठी स्थळ पाहताना पगाराच्या आधी विचारा, हा मुलगा घरात काय काम करतो, रागावल्यावर कसा वागतो, दारू पितो का.

चौथी मागणी तुमच्याकडे, तरुण मित्रांनो, आणि ही सर्वांत महत्त्वाची. तुम्हाला हे ओझे नको असेल, तर त्याबरोबर आलेला मानही सोडावा लागेल. दोन्हीपैकी एकच ठेवता येणार नाही. महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला बरोबरीचा वाटा दिला. तरी राखीपौर्णिमेला ओवाळून घेणारे भाऊ बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घेतात. तुम्ही ती सही मागू नका. बापाच्या शेतात बहिणीचे नाव लागू द्या, बायकोचे नाव लागू द्या. कर्ज झाले तर घरात सांगा. मुलगी नाही म्हणाली तर तिथेच थांबा. मित्र गप्प गप्प झाला असेल तर त्याच्या खोलीवर जा आणि त्याला बोलते करा. स्वतःला रडू आले तर रडा.

आणि इथे बसलेल्या बापांना एक विनंती. तुमच्या मुलाला तुमचे यश तोंडपाठ आहे. त्याला तुमचे अपयश सांगा. तुम्ही कधी नापास झालात, कधी घाबरलात, कोणत्या रात्री झोप लागली नाही, ते त्याला स्वतःच्या तोंडाने सांगा. पुरुषाला हरता येते आणि हरूनही तो घरात मानाने राहू शकतो, हे त्याला दुसऱ्या कोणाकडून कळणार नाही. हे काम कायदा करू शकत नाही, शाळा करू शकत नाही. ते बापाचेच आहे, आणि ते आजच सुरू करावे, एवढीच माझी कळकळीची विनंती आहे.